तुझ्या नावाचा भात

दिवाळी पाडवा, १९७१

चिरंजीव लालासाहेब यास साळूआजीचा आशीर्वाद.

साळूआजी म्हणजे कोण, ते आधी सांगते, कारण तुला विसर पडला असणार. तुझ्या बापाची आई. उंच, काळी, पुढचे दात पडलेली. तुझी आई गेल्यावर तुला शेळीच्या दुधावर वाढवलं ती. अजून आठवत नसेल तर कपाळावरची खोक चाचपून बघ. माझ्याच उखळावर पडला होतास. आठवलं? मग वाच पुढं.

मला लिहिता येत नाही, हे तरी ध्यानात असेल. अक्षर कुणाचं आहे ते ओळख. ओळखलं नाहीस तर पत्र इथंच फाडून टाक. मी बोलते आणि ती लिहिते. पण माझं ‘हाय’ खोडून ‘आहे’ करते, ‘न्हाई’चं ‘नाही’ करते. म्हणते, परदेशी जायचं पत्र आहे. मी म्हटलं, “पत्र जातंय गं, मी न्हाई जात.” ऐकत नाही. तेव्हा ही अशी शुद्ध होऊन मी तुझ्यापुढं आले आहे. ओळख पटवून घे.

तर लाला, श्रावणात तार आली की तू मेलास. आणि दसऱ्याच्या दिवशी तार आली की तू जिवंत आहेस. पहिली तार आणणारा विट्याचा शिपाई वेशीपासून सायकल हातात धरून चालत आला. दुसरी आणली तो घंटी वाजवत आला, ओढ्यात पडता पडता वाचला. दिवाळी झाली तरी तुझी स्वतःची एक ओळ नाही. मेलेल्या माणसानं पत्र टाकलं नाही तर समजू शकते. जिवंत माणसाला काय झालं?

मधल्या दिवसांत आम्हीही रिकामे बसलो नव्हतो. तुझं सगळं केलं. तारेत होतं की जळालेलं प्रेत सापडलं, अंगावरच्या कोटावर तुझं नाव होतं, आणता येण्याजोगं काही उरलं नाही. मग तुझ्या बापानं, नानासोनं, भटजीला विचारून पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करवला. डोक्याच्या जागी नारळ. मी म्हटलं, जमलंय, आत पाणीच होतं. येरळेच्या काठी जाळला. बायका लांब वडाखाली बसल्या होत्या, तिथून मी बघितलं. लवकर जळलास. जन्मात कधी कुणाचं एवढं लवकर ऐकलं नव्हतंस.

यंत्रं शिकायला अमेरिकेला गेलास, म्हणालास दोन वर्षं. मग म्हणालास नोकरी. मग त्यांच्या सरकारनं पलटणीसाठी चिठ्ठ्या काढल्या, त्यात तुझं नाव निघालं. गपगुमान विमानात बसून घरी यायचं, तर म्हणालास, लढून आलो की मला तिथला नागरिक करतील, मग बायकोला, अंजनाला, नेईन. तुझे आजोबा इंग्रजासाठी बसऱ्याला गेले. तू अमेरिकेसाठी विएतनामच्या रानात गेलास. परक्याच्या भांडणाची खाज आपल्या घराला जुनी आहे. पण आजोबा दर दिवाळीला कुणाकडून तरी चार ओळी लिहवून घ्यायचे, आणि त्यांना माझ्यासारखंच लिहिता येत नव्हतं.

आता मुद्द्याचं. दहाव्याला नदीवर भात मांडला. मेलेल्याच्या आवडीचं शेजारी ठेवतात, म्हणून शिरा ठेवला, भरपूर तुपातला, बेदाणे घातलेला. आणि मी मूठभर लसणाची चटणी ठेवली. का, तर विएतनामातून तुझं एकही पत्र असं नाही की ‘आजी, चटणी पाठव’ नाही. मला तेव्हाच नवल वाटलं होतं. तू! घरात मिरच्या कुटायला घेतल्या की रानात पळणारा, तिखटाचा घास लागला की संध्याकाळपर्यंत उचक्या देणारा. म्हटलं, लढाईनं माणूस बदलत असेल. पाठवत गेले.

कावळा शिवेना झाला की माणसं हात जोडून वचनं देतात, तुला ठाऊक आहे. बायकोला सांभाळू, जमिनीचं बघू. नानासो वचन मनात जुळवत होता, घसा खाकरून झाला होता, एवढ्यात कावळा उतरला. शिऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. थेट चटणी. खाल्ली, दगडावर चोच घासली, पुन्हा चटणी. सगळी म्हणाली, “सुटला.” मी सगळ्यांदेखत म्हणाले, “ह्यो आमचा लाला न्हवं. लालाला तिखट चालत न्हाई.” बायकांनी दंड धरून मला मागं नेलं. म्हातारी दुःखानं बरळती म्हणे.

आता सगळे म्हणतात, म्हातारी बरोबर होती. ते राहू दे. मला एवढंच सांग: तू तर जिवंत आहेस, मग तुझ्या नावाचा भात जेवून गेला तो कोण?

अंजना बरी आहे. तेवढंच लिहिते म्हणते. मी सांगितलं होतं पुष्कळ.

साळूआजी

संक्रांत, १९७२

लाला,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, चिटोरं. ‘आजी, तुम्ही केलंत ते योग्यच केलंत. मी तिथंच मेलो. यापुढं पत्र पाठवू नका. अंजनाला मोकळं करा.’

हे मला वाचून कोणी दाखवलं असेल? गावात दुसरं कोण आहे मला वाचून दाखवणारं? तिनंच. पाटणकडची पोर ती. कोयनेच्या भूकंपात घराच्या भिंती पडल्या तेव्हा दारात उभी होती, तशीच उभी राहिली म्हणतात. आवाज हलला नाही. वाचून झाल्यावर घडी घातली, उठली, चुलीत लाकूड सारलं आणि पुन्हा येऊन बसली. मला वाटलं, चिटोरंच चुलीत जातंय. नाही गेलं. कुठं ठेवलंय ते मला सांगत नाही.

मी त्यानंतर जे बोलले, ते तिनं लिहिलेलं नाही. लिही म्हटलं तर म्हणते, “आजी, शिव्या शुद्ध कशा लिहायच्या?”

मोकळं करा म्हणतोस. ती काय दावणीला बांधलीय?

इकडची हकिकत अशी. मार्गशीर्षात बांगलादेशची लढाई झाली. आपल्या गावची पोरं गेली होती, देवाच्या दयेनं आली. पण त्यातच रेडिओवर आलं की अमेरिकेनं आपल्यावर आरमार धाडलंय. पारावरची माणसं नानासोला म्हणाली, “काय नानासो, तुमचा लेक कुठल्या बोटीत?” नानासो उठून आला, तो पुन्हा पारावर गेला नाही. तुझं नाव घेत नाही. ‘त्याचं’ म्हणतो. “त्याचं पत्र आलं का?” दिवसातून जितक्यांदा पाणी पितो तितक्यांदा.

मग एकदा मला म्हणाला, वाईला जायचंय, शास्त्र्यांना विचारायला. मीही यष्टीत जाऊन बसले. शास्त्री म्हातारे आहेत, माझ्याहून. त्यांनी पोथी काढली आणि सांगितलं, जिवंतपणी ज्याची क्रिया झाली त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागतो. घंगाळभर तूप घ्यायचं. त्यात त्यानं गुडघे पोटाशी घेऊन, मुठी आवळून बसायचं, आईच्या पोटात बसल्यासारखं. मग बाहेर काढायचं, न्हाऊ घालायचं, नाळ कापल्यासारखं करायचं. बारसं करायचं. आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. हे सगळं होईतो तो मेलेला नाही आणि जिवंतही नाही, त्याची बायको सवाष्ण नाही आणि विधवाही नाही.

मी विचारलं, “डालडा चालंल का?”

शास्त्री हसले नाहीत. नानासो हसला. श्रावणापासून पहिल्यांदा. हसताना त्याचं तोंड वाकडं झालं आणि मग तो पायऱ्यांवर जाऊन बसला.

तू म्हणतोस तू मेलास. शास्त्रीबुवाही तेच म्हणतात. तुमचं दोघांचं जमतंय. फरक इतकाच की त्यांच्याकडं पुढचा इलाज आहे आणि तुझ्याकडं नाही. तेव्हा तू त्यांचं ऐक. पहिल्यांदा जन्मलास तेव्हा नाळ मीच कापली होती. अजून हात थरथरत नाही. पाळण्यात मावणार नाहीस, बैलगाडीच्या साटीत निजवू आणि दोन्हीकडून हलवू.

आज संक्रांत आहे. वाण घ्यायला बायका आल्या होत्या, माजघर भरलं होतं. अंजना मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. निवडलेला तांदूळ पुन्हा निवडत होती. हे लिहायला लावू नका म्हणते. लिही गं. लिही म्हणते ना.

तिळगूळ पाठवत नाही. गोड बोल म्हणायला आधी बोलावं लागतं. मी विचारलं होतं त्याचं उत्तर तू दिलेलं नाहीस. भात कोण जेवला?

साळूआजी

माघ, फेब्रुवारी १९७३

लाला,

ह्ये पत्र चांदसाहेब शिंपी लिवतोय. त्याच्या दुकानात येऊन बसलेय. ह्यो मी बोलंन तसंच लिवतो, सुदारत न्हाई, त्यामुळं आज मी माझ्या अंगानं आलेय. अंजनाला ठावं न्हाई. ती पाझर तलावाच्या कामावर गेलीया, खडी फोडाय.

व्हय, खडी फोडाय. वरीस उलटलं, तू एक शबुद धाडला न्हाईस, मग तुला काय ठावं असणार? पावसानं तोंड फिरवलंय. हिरीचा तळ दिसतोय. गावची जनावरं गेली, पोरं कामावर गेली. तुझ्या अमेरिकंनं जोंधळं धाडल्यात, लाल. मिलो म्हणत्यात. भाकरी थापाय घेतली की फाटती, भाजाय घातली की दगड, आन खाल्ली की रातभर पोटात लढाई. मी म्हणते, जो देश आसलं खातो त्यो भांडणारच.

चांदसाहेबाच्या रेडिवर आलं, अमेरिका विएतनामातनं निघाली, तह झाला. मंग तुझी लढाई कशी संपंना रं?

आता ऐक, ज्ये अंजनाच्या हातनं लिवून घेता आलं न्हाई त्ये. पुतळा जाळला त्या दिशी नदीवर बायांनी तिच्या बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात रुतली. ती ‘आई गं’ सुदीक म्हणली न्हाई. दुसरी तार आली तवा मी पळत जाऊन कासाराला बलवून आणला, हिरव्या बांगड्या काढाय लावल्या. तिनं हात मागं घेतला. म्हणली, “आजी, बाया फोडत्यात आन बाया भरत्यात, मी काय मडकं हाय? ज्याच्या नावानं फोडल्या त्येनं यावं.” तवापास्नं हात मोकळा, कपाळ मोकळं. बाया तिला हळदी-कुकवाला बलवीत न्हाईत, आन ती पांढऱ्या कपाळाच्यांत बसत न्हाई. कामावर मुकादम हजेरी मांडताना म्हणतो, नवऱ्याचं नाव काय? म्हणती, “पत्ता लागला की सांगते.”

तिचा भाऊ आला हुता पाटणास्नं. वाईट न्हाई, भला हाय. म्हणला, “आजी, तुमीच सांगा, किती दिस? येत्या दिवाळीपातूर वाट बघतो. मंग घिऊन जातो, चांगलं स्थळ बघून पाट लावून देतो.” मी काय सांगणार हुते? त्येचं खरं हाय. अंजना व्हय म्हणली न्हाई आन न्हाईबी म्हणली न्हाई. भावाला मिलोची भाकरी वाढली. त्येनं ती समदी खाल्ली, यवढा भला हाय.

ह्ये एक झालं. दुसरं मी कुणापाशीच बोलल्याली न्हाई. आता चांदसाहेबाला कळतंय.

उन्हाळ्यापास्नं आपल्या परसदारी कुणीतरी येतंय. भर दुपारी, समदी कामावर गेल्यावर. बारकं माणूस हाय, तुझ्या खांद्याला लागंल येवढं. अंगात कोट हाय, पर त्येचा न्हाई, त्येच्या मापाचा न्हाई. बाह्या बोटांच्या खाली लोंबत्यात. कोट वला हाय. सगळ्या शिवारात पाण्याचा थेंब न्हाई आन त्येच्या कोटातनं पाणी गळतंय. मी म्हणलं, “कोण रं बाबा? कुणाकडं आलास?” बोलत न्हाई. माझ्याकडं बघतबी न्हाई. उखळाकडं बघतंय, ज्यात मी चटणी कुटते. मी उठून जाईपातूर कुणी नसतंय. उंबऱ्यापाशी वलं आसतंय.

शेजारची धोंडुबाई म्हणती, “सासूबाई, तुमचं मडकं झिरपतंय.” मी म्हणलं, “बाई, मडक्यात पाणी आसतं तर झिरपलं आसतं.”

हितं चांदसाहेबानं हात थांबवला. म्हणतो, “आजी, आमच्यात मेल्यालं माणूस आसं दारात येत न्हाई.” मी म्हणलं, “तुमच्या दारात येत नसंल. माझ्या येतंय.” मंग गप लिवाय लागला. पर भाईर टांगल्यालं नवं कापड उचलून त्येनं आत ठेवलं. भिजंल म्हणून का, त्ये मी इचारलं न्हाई.

मला भ्या वाटत न्हाई, लाला. ह्या वयात भिऊन कुठं जाऊ? मला लाज वाटती. दारात आल्याल्या माणसाला आपून एकदा जेवाय घातलं, ते बी दुसऱ्याच्या नावानं. त्यो परत आला, आन मला त्येला त्येच्या नावानं हाक मारता यीना. आपल्या घरात आसं कवा झालं न्हाई. लोणंदच्या बाजारातनं वाट चुकून आल्याल्या धनगरालाबी मी नाव इचारल्याबिगर ताट वाढलं न्हाई.

तुला त्येचं नाव ठावं हाय. मला म्हाईत हाय की तुला ठावं हाय. तेवढं कळीव. बाकी काय कळवू नगंस.

साळूआजी

ज्येष्ठ, जून १९७३

चिरंजीव लाला,

अक्षर पुन्हा पहिलं आहे. चांदसाहेबाच्या पोटात पत्र राहिलं नाही. कामावरून येताना अंजनाला वाटेत गाठून त्यानं सगळं सांगितलं. ती माझ्याशी भांडली. मग तुला शिव्या द्यायचं ठरलं आणि त्या आम्ही दोघींनी मिळून दिल्या. भांडण मिटलं.

तुझं पत्र आलं. लांबलचक. दिवसाउजेडी अंजनानं वाचलं, मी ऐकलं, नानासो दाराआड उभा होता. आपण उभे आहोत हे कुणाला कळलं नाही असं त्याला वाटतं.

ताम.

केवढं सोपं नाव. एवढंसं नाव तुझ्या घशात दोन वर्षं अडकलं.

मी जे ऐकलं ते पुन्हा तुला सांगते, म्हणजे काही चुकलं असेल तर कळेल. ताम तुमच्या पलटणीत दुभाष्या होता. आधी तो रानातल्या लोकांत होता, तुमच्या विरुद्ध. मग आजारी पडून बाहेर आला आणि तुमच्याकडं राहिला. त्याचा एक भाऊ अजून रानातच होता. त्याचं गाव तुमच्याच लोकांनी रिकामं केलं आणि पेटवून दिलं. म्हातारी आई होती, ती कुठल्या ट्रकात चढली, कुठं उतरली, कुणी सांगू शकलं नाही. आणि असा माणूस तुमच्याच पुढं चालायचा, वाट दाखवत. का, असं तू त्याला विचारलंस, तर म्हणाला, आता दोन्हीकडं माझं कुणी नाही, मग ज्यांच्याकडं भात आहे तिकडं.

माझा पहिला डबा तुला मिळाला तेव्हा तू चटणी फेकून देणार होतास. त्यानं घेतली. त्यांच्या चिकट भाताबरोबर खाल्ली, डोळ्यातून पाणी काढलं, हसला, आणि म्हणाला, ही करणारी बाई माझ्या आईच्या ओळखीची असणार. तेव्हापासून तू चटणी मागवत होतास ती त्याच्यासाठी. मला का नाही कळवलंस? मी जास्त पाठवली असती. लसूण कमी घालून बचत करत होते, तू खात नाहीस म्हणून.

मग तो दिवस. पाऊस होता. पुढं चालायची पाळी तुझी होती. तू म्हणालास, मला ताप आहे. ताम म्हणाला, मी जातो, मला वाट ठाऊक आहे. त्याच्याकडं पावसाचं काही नव्हतं, म्हणून तुझा कोट घातला. बाह्या लोंबत होत्या. तुम्ही सगळे हसलात. थोडं पुढं गेल्यावर सुरुंगानं वाटेतली जमीन फुटली. तो जळाला. तू मागं होतास, लोखंड तुझ्या पोटात शिरलं. दवाखान्यात शुद्धीवर आलास तेव्हा कागदावर तू मेलेला होतास, आणि तू बरेच दिवस कुणाला म्हणालाच नाहीस की हा मी इथं आहे. मेलेला बरा वाटलास स्वतःला.

आणि शेवटी लिहिलंस, ‘आजी, मला ताप नव्हता. मी भ्यालो होतो.’

हे वाचताना अंजना पहिल्यांदा थांबली.

मी तुला माफ करत नाही, लाला. माझा तो हक्क नाही. तुझ्या आजोबांनी बसऱ्याहून आल्यावर असंच काहीतरी एकदा सांगायला तोंड उघडलं होतं, मी म्हटलं, जाऊ द्या, झालं गेलं. ते मरेपर्यंत दाराकडं तोंड करून झोपायचे. तुला मी ‘जाऊ द्या’ म्हणणार नाही. झालं आहे, पण गेलेलं नाही. ते परसदारी येऊन उभं आहे.

पत्र वाचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी उखळापाशी बसले. आला. मी म्हणाले, “ताम.”

त्यानं मान वर केली. लाला, पोर आहे रे तो. तू वय लिहिलं नव्हतंस. मी म्हणाले, “ये बाबा. बस.” तो उंबऱ्यावर बसला, पाय बाहेर सोडून, कोट आवरून घेऊन, घर ओलं होऊ नये म्हणून आवरावा तसा. तेव्हापासून येतो तो उभा राहत नाही. बसतो. अंजनाला दिसत नाही, पण ती आता त्या बाजूनं झाडू मारत नाही.

बसलेल्या माणसाला ताट द्यावं लागतं. त्याच्या आईचा पत्ता नाही, भाऊ रानात आहे की मातीत, कुणाला ठाऊक नाही. त्याच्यासाठी भात मांडणारं कुणी नाही. मग आपण. सर्वपित्रीला त्याचं पान वाढायचं, त्याच्या नावानं. भटजी म्हणाले, “गोत्र कोणतं लावायचं?” मी म्हटलं, “आमचंच लावा. तसाही एकदा जेवलाय आमच्या गोत्रात.” भटजी म्हणाले, असं शास्त्रात नाही. नानासो कोपऱ्यातून बोलला, “शास्त्रात लावा, न्हाईतर शास्त्राभाईर लावा. पर लावा.” एवढं मोठं वाक्य दोन वर्षांत बोलला नव्हता.

त्याचंच अजून सांगते. सगळ्या गावानं जनावरं विकली नाहीतर छावणीला नेली. नानासोनं एक म्हैस ठेवलीय. स्वतःच्या पोटाला चिमटा काढून तिला उसाची वाढी विकत आणून घालतो. मी विचारलं, कशाला रे हा हट्ट? म्हणाला, “त्याला बसाय तूप लागंल.” आजवर वाटीभर झालंय. या चालीनं यंदा तुझं एखादं बोट जन्माला येईल.

बारशाचंही ठरलंय. लालासाहेब हे नाव आता तुला मिळणार नाही. ते नाव कोटासकट ताम घेऊन गेला, त्या नावाचा भात त्यानं खाल्ला, त्याच्याकडून ते काढून घेणं बरं नव्हे. तुला नवं नाव. ते अंजनानं ठरवलंय. मला सांगत नाही, कागदावर लिहीत नाही. म्हणते, बारशाचं नाव कानात सांगायचं असतं. मी म्हटलं, कान सात समुद्रापलीकडं आहे. म्हणते, “मग कानानं यावं.”

भावाला तिनं कळवलंय की म्हणालास तसा दिवाळीपर्यंत थांब, त्याआधी स्थळ बघू नको. यावरून काय समजायचं ते तुम्ही समजा, असं ती लिहिते आहे. हे वाक्य तिचं. माझं असतं तर ‘तुम्ही’ नसतं.

आता पाठवायचं ते ऐक आणि विसरू नको. साबण नको, अत्तर नको. मिलो तर नकोच, तो तुमच्या सरकारकडून येतोच आहे. तू आता अमेरिकेत काम करतोस त्या गावात चिनी दुकान आहे, तिथं तो चिकट तांदूळ मिळतो, असं तू लिहिलंस. तो पाठव, भाद्रपद अमावस्येच्या आत पोचेल असा. चटणीचं मी बघते, या खेपेला लसूण कमी घालणार नाही. पण तो तांदूळ किती भिजवायचा, कशावर वाफवायचा, झाला हे कशावरून ओळखायचं, मला ठाऊक नाही. ते लिहून पाठवू नको. अंजनाला वाचता येतं, पण कागद वाचून भात शिजत नाही हे तीही कबूल करते. तामनं तुला तो शिजवायला शिकवलाय, हे तुझ्याच पत्रात आहे. तेव्हा तांदूळ पाठव, आणि शिजवणारा त्याच्याबरोबर पाठव.